आधी सोबती, मग वाट

अरबी भाषेत एक जुनी म्हण आहे. तिचा अर्थ असा की, वाट धरण्याआधी सोबती शोधा. 'रफीक' आणि 'तरीक' हे दोन शब्द त्या म्हणीत पाठोपाठ येतात. आपल्या घरांत हे शब्द परके नाहीत. रफीक तर आपण मुलाचे नाव ठेवतो आणि सफर हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. वाळवंटात प्रवास करणाऱ्या माणसाला ही म्हण अनुभवातून सुचली असणार. मशकीतले पाणी संपत आले की शेजारचा माणूस कसा आहे, यावर जगणे-मरणे ठरत असे.

पण या म्हणीची दुसरी बाजूही आहे. सोबती वाट सोपी करतो, तशी वाटही सोबती घडवते. ही दुसरी बाजू आज आपण विसरत चाललो आहोत. आपल्या ओळखीच्या पुरुषांकडे पाहा. शाळेतले चार जिवलग दोस्त असतात. एक कुवेतला नोकरीला जातो, एक मुंब्र्याला दुकान टाकतो, एक गावातच बागायत पाहतो, चौथा पुण्याच्या कारखान्यात लागतो. भांडण कोणाचेच होत नाही. तरी वीस वर्षांनी हिशेब केला तर भेटी निकाहाच्या मांडवात आणि जनाजाच्या मागे एवढ्याच झालेल्या असतात. दोस्ती तुटलेली नसते, ती पडून राहिलेली असते. न वापरलेल्या विहिरीसारखी. पाणी आत असते, पण उपसा नसल्याने त्याला वास येऊ लागतो.

म्हणून या अंकात आम्ही दोन माणसांची गोष्ट सांगणार आहोत. दोघेही इंग्रज, दोघेही गिर्यारोहक. त्यांचे जग आपल्या जगाहून फार वेगळे. पण त्यांची मैत्री सत्तेचाळीस वर्षे टिकली आणि तिचा मोठा भाग आपल्याच हिमालयात आणि काराकोरममध्ये घडला. एकाचे नाव एरिक शिप्टन, दुसऱ्याचे बिल टिल्मन.

केनियातले पत्र

टिल्मनचा जन्म १८९८ चा. अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच तो पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर पोहोचला. शौर्यासाठी त्याला मिलिटरी क्रॉस एकदा नव्हे, दोनदा मिळाला. बरोबरीची कितीतरी मुले मात्र मातीखाली राहिली. युद्ध संपल्यावर ब्रिटिश सरकारने माजी सैनिकांना पूर्व आफ्रिकेत जमिनी दिल्या. सोडतीत त्याच्या नावे केनियातली जमीन निघाली. तिथे जंगल तोडून त्याने कॉफीचा मळा उभा केला. दहा वर्षे तो जवळजवळ एकटाच राबला.

शिप्टन त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याचा जन्म १९०७ मध्ये सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत झाला. शाळेत त्याचे मन रमले नाही आणि वाचायलाही तो उशिरा शिकला. आल्प्स पर्वतात मात्र त्याचे पाय आपोआप चालत. कॉफीची शेती शिकायला म्हणून तोही १९२८ मध्ये केनियाला आला. १९२९ च्या सुरुवातीला एका सोबत्याबरोबर त्याने माउंट केनियाचे नेलियन हे जुळे शिखर प्रथमच सर केले. ही बातमी तिथल्या वर्तमानपत्रात छापून आली.

ती वाचून टिल्मनने या अनोळखी तरुणाला पत्र लिहिले. त्याला गिर्यारोहण शिकायचे होते. त्या पत्रातून १९३० मध्ये दोघांची गाठ पडली. टिल्मन बत्तीस वर्षांचा, शिप्टन बावीसचा. युद्ध पाहून आलेला, वयाने मोठा माणूस आपल्याहून लहान मुलाकडून दोर कसा बांधायचा ते शिकत होता. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. शिप्टननेही उस्तादकी मिरवली नाही.

त्याच वर्षी दोघे मिळून किलिमांजारोवर गेले. पुढे माउंट केनियाच्या पश्चिम धारेवरून ते चढले. त्या धारेवरून त्याआधी कोणी वर गेलेले नव्हते. एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरायचे, मध्ये परत फिरायची सोय नाही, आणि कमरेला एकच दोर. उतरताना रात्र झाली. १९३२ मध्ये ते युगांडा आणि काँगोच्या सीमेवरच्या रुवेनझोरी पर्वतात गेले. तिथे दिवसचे दिवस धुके उठत नाही आणि गुडघाभर चिखलातून चालावे लागते. आफ्रिकेतली तिन्ही उंच पर्वतस्थाने दोघांनी अशी दोन वर्षांत पालथी घातली.

गिर्यारोहणातला दोर ही साधी गोष्ट नाही. एकाचा पाय घसरला तर दुसऱ्याने त्याला धरायचे असते. धरता आले नाही तर दोघेही जातात. दोर बांधताना कोणी शपथ घेत नाही, पण शपथेत जे असते ते सगळे त्या गाठीत असते.

पंधरा दिवसांऐवजी सात महिने

मधल्या काळात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. शिप्टन १९३१ मध्ये गढवालमधल्या कामेट शिखरावर पोहोचलेल्या तुकडीत होता. ७,७५६ मीटर उंचीचे हे शिखर म्हणजे तोवर माणसाने गाठलेला सर्वांत उंच माथा. १९३३ मध्ये तो एव्हरेस्टच्या मोहिमेवर गेला. टिल्मनने त्याच वर्षी आफ्रिका सोडायची ठरवली. सोडण्याची त्याची तऱ्हाही त्याच्यासारखीच. त्याने एक साधी सायकल घेतली आणि युगांडापासून अटलांटिकच्या किनाऱ्यावरच्या कॅमेरूनपर्यंत सुमारे तीन हजार मैल तो एकटा सायकलवरून गेला.

१९३४ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये शिप्टनला पुन्हा टिल्मनचे पत्र आले. इंग्लंडच्या सरोवरांच्या डोंगराळ भागात पंधरा दिवस भटकायला जाऊ या का, एवढीच विचारणा होती. शिप्टन त्याला जाऊन भेटला आणि म्हणाला, त्यापेक्षा सात महिने हिमालयात जाऊ. टिल्मन तयार झाला.

मोहीम ठरली ती नंदादेवीच्या खोऱ्याची. आजच्या उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात नंदादेवी हे ७,८१६ मीटर उंचीचे शिखर आहे. त्याच्या भोवती उंच शिखरांची जणू भिंतच आहे. या भिंतीचा घेर सुमारे ११० किलोमीटर. तिला एकच खिंडार आहे, ते ऋषिगंगा नदीने कोरलेले. पण ती घळ इतकी अरुंद आणि कडे इतके सरळ की, पन्नास वर्षे प्रयत्न होऊनही तिच्यातून आतल्या खोऱ्यात कोणी शिरू शकले नव्हते.

त्या काळी हिमालयातल्या मोहिमा म्हणजे लष्करी स्वारी असे. शेकडो हमाल, पेट्यांतून आणलेले विलायती डबाबंद अन्न, टेबलखुर्च्या. या दोघांनी सगळे उलटे केले. ते प्रवासी जहाज सोडून मालवाहू जहाजाने कोलकात्याला उतरले. दार्जिलिंगहून आंगथार्के, पासांग आणि कुसांग हे तीन शेर्पा सोबत घेतले. पाच माणसे, पाच ओझी. चपाती, डाळ, तूप, सातू आणि चहा हा पाचही जणांचा आहार. साहेब वेगळे आणि हमाल वेगळे अशी दोन ताटे नव्हती. ओझे जेवढे शेर्पाच्या पाठीवर, तेवढेच शिप्टन-टिल्मनच्या. एका दस्तरखानावर बसून खाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. साम्राज्याच्या त्या काळात इंग्रज माणसाने असे वागणे ही किती वेगळी गोष्ट होती, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुरे. दोघांचा मिळून सगळा खर्च, इंग्लंडहून जाण्या-येण्यासकट, तीनशे पौंडांच्या आत बसला.

मे महिन्याच्या अखेरीस ते ऋषिगंगेच्या घळीत शिरले. कड्याला चिकटून, दोराने ओझी वर-खाली करत, काही ठिकाणी नदीच्या बर्फाळ पाण्यातून या काठावरून त्या काठावर जात त्यांनी वाट काढली. शेवटी ते आत पोहोचले. समोर हिरवी कुरणे, त्यांवर निर्धास्त चरणारे भरल आणि मधोमध नंदादेवी. तोवर कोणी शिरू न शकलेली ती जागा पाच जणांनी एकत्र पाहिली. आज तिथे राष्ट्रीय उद्यान आहे. युनेस्कोने ते जागतिक वारशात घेतले आहे आणि आतले खोरे माणसांसाठी बंद आहे.

पावसाळा सुरू झाल्यावर ते थांबले नाहीत. बद्रीनाथ आणि गंगोत्री यांच्या मधली पर्वतरांग त्यांनी ओलांडली. मग बद्रीनाथहून केदारनाथच्या बाजूला उतरण्याचा बेत केला. या दुसऱ्या वाटेने त्यांची परीक्षा पाहिली. उतरले ते बांबूच्या दाट रानात. रोज मुसळधार पाऊस, फुगलेले ओढे आणि दिवसभर झगडून जेमतेम थोडेसे पुढे सरकणे. शिधा संपला. मग बांबूचे कोवळे कोंब शोधून उकळून खाल्ले. अशा वेळी माणसाचे मन उघडे पडते. उरलेली मूठ कोणाला मिळते आणि रात्री कोरडी जागा कोण घेतो, यातून सोबती कळतो. त्या रानातून पाचही जण बाहेर पडले आणि थोडी विश्रांती घेऊन पुन्हा पाचही जण नंदादेवीच्या खोऱ्याकडे वळले. या वेळी ते खोऱ्याच्या दक्षिण भिंतीवरून सुंदरढुंगाच्या बाजूला उतरून बाहेर आले. खोऱ्यात शिरायची एक वाट आणि बाहेर पडायची दुसरी, दोन्ही त्यांनीच शोधल्या.

नावाने हाक

या दोघांविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. शिप्टनने ती स्वतःच लिहून ठेवली आहे. कितीतरी महिने एकाच तंबूत काढूनही दोघे एकमेकांना इंग्रजी रिवाजाप्रमाणे आडनावानेच हाक मारत. शिप्टनला ते विचित्र वाटू लागले. त्याने सुचवले की, आता पहिल्या नावाने हाक मारायला काय हरकत आहे? टिल्मन गोंधळला. त्याने मान खाली घातली आणि तसे करणे फारच खुळेपणाचे वाटेल, असे सांगितले.

ही गोष्ट वाचून हसू येते. पण आम्हाला तिच्यात आपल्याच घरातले पुरुष दिसतात. आपल्या वडिलांनी, चुलत्यांनी आपल्या दोस्ताला कधी "तू मला फार जवळचा आहेस" असे म्हटले आहे काय? बहुतेकांनी नाही म्हटलेले. बायका मैत्रिणीला मनातले सांगतात, रडतात, हसतात. पुरुष मात्र दोस्ताबरोबर काही तरी करतात. मासे धरायला जातात, छप्पर शाकारतात, बिघडलेले इंजिन खोलून बसतात. त्यांची मैत्री समोरासमोर बसून होत नाही, शेजारी-शेजारी उभे राहून होते. हातातले काम गेले की त्यांना एकमेकांपाशी बोलायला विषय उरत नाही. वयाची चाळिशी उलटल्यावर दोस्ती विझते ती अनेकदा यामुळे. प्रेम आटलेले नसते. दोघांनी मिळून करायचे काम संपलेले असते.

शिप्टन आणि टिल्मन यांनी ते काम संपू दिले नाही. मैत्रीवर ते बोलले नाहीत. पुढच्या वर्षी कुठे जायचे, यावर बोलले.

यशाची परीक्षा

दुःखात दोस्त ओळखावा, असे आपण म्हणतो. पण दोस्ताच्या यशात स्वतःला ओळखणे जास्त कठीण असते.

१९३५ मध्ये एव्हरेस्टची वाट आणि हवामान पाहण्यासाठी एक छोटी मोहीम निघाली. तिचे नेतृत्व शिप्टनकडे आणि सोबत टिल्मन. या मोहिमेने वीस हजार फुटांहून उंच अशी सव्वीस शिखरे सर केली. याच मोहिमेसाठी शिप्टनने दार्जिलिंगमध्ये एका नवख्या तरुणाला निवडले होते. तो तेनझिंग. अठरा वर्षांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर पाय ठेवणारा. पण टिल्मनला त्या वर्षी विरळ हवा मानवली नाही. त्यामुळे १९३६ च्या मोठ्या एव्हरेस्ट मोहिमेतून त्याला वगळण्यात आले. शिप्टनची मात्र निवड झाली.

एका दोराच्या दोन सोबत्यांपैकी एक जगातल्या सर्वांत उंच पर्वताकडे गेला आणि दुसरा मागे राहिला. मागे राहिलेला टिल्मन इंग्रज आणि अमेरिकन गिर्यारोहकांच्या आठ जणांच्या तुकडीबरोबर नंदादेवीला निघाला. वाट तीच, दोन वर्षांपूर्वी दोघांनी शोधलेली. शिखरावर जाण्यासाठी आधी नोएल ओडेल आणि चार्ल्स ह्यूस्टन या दोघांची निवड झाली होती. पण डब्यातले खराब मांस खाऊन ह्यूस्टन आजारी पडला आणि त्याच्या जागी टिल्मन वर गेला. २९ ऑगस्ट १९३६ रोजी तो आणि ओडेल नंदादेवीच्या माथ्यावर पोहोचले. तिथे दोघांनी हस्तांदोलन केले. टिल्मनच्या लेखी भावना दाखवण्याची ती कमाल मर्यादा होती. कामेटचा विक्रम मोडला आणि पुढे १९५० पर्यंत माणसाने गाठलेले सर्वांत उंच शिखर नंदादेवीच राहिले.

त्याच वर्षी एव्हरेस्टवर पावसाळा लवकर आला आणि शिप्टनची मोहीम काहीच न साधता परतली.

आता हे शिप्टनच्या जागी उभे राहून पाहू. दार त्याने शोधले, आत दुसरा गेला. मोडला तो विक्रम त्याच्याच तुकडीचा होता. ज्याला एव्हरेस्टसाठी अपात्र ठरवले, तोच माणूस जगाच्या सर्वांत उंच सर झालेल्या शिखरावर उभा राहिला. भावाभावांत याहून कितीतरी लहान कारणांनी चुली वेगळ्या होतात. भागीदारीतली दुकाने बंद पडतात. ज्याला आपण शिकवले तो आपल्या पुढे गेला, हे सहन करायला मोठे मन लागते.

शिप्टनच्या मनात काय आले असेल, ते त्याचे त्याला ठाऊक. आपल्यासमोर आहे ती त्याची पुढची कृती. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, त्याने सर्वांत मोठ्या बेतासाठी सोबतीला घेतले ते टिल्मनला. आणि १९३८ मध्ये एव्हरेस्टच्या मोहिमेचे नेतृत्व टिल्मनकडे आले, तेव्हा १९३५ चा नेता शिप्टन त्याच्या हाताखाली साधा सदस्य म्हणून गेला. टिल्मनने तो खर्च आधीच्या मोठ्या मोहिमांच्या साधारण चौथ्या हिश्श्यात बसवला. साध्या जेवणावरून इतर सोबत्यांनी कुरकुरही केली. शिप्टनला त्या जेवणाची सवय होती. कधी हा पुढे, कधी तो. दोरावरही असेच असते. थकलेला मागे जातो आणि ताज्या दमाचा पुढे होतो.

नकाशावरची कोरी जागा

१९३७ ची मोहीम काराकोरमच्या पलीकडे, शक्सगाम नदीच्या खोऱ्यात होती. नकाशावर तिथे कोरी जागा होती. या वेळी सोबत मोजणीतला जाणकार मायकेल स्पेंडर आणि भूगर्भशास्त्रज्ञ जॉन ऑडेन होते. आंगथार्केच्या हाताखाली सात शेर्पा आणि बाल्टिस्तानातले हमाल होते. श्रीनगरहून निघून स्कार्दू, पुढे बाल्टोरोचा परिसर आणि मग पर्वत ओलांडून शक्सगाम. या प्रदेशातली सगळी वस्ती मुसलमानांची. दगडधोंड्यांत जर्दाळूची बाग फुलवणारे हे लोक पाठीवर ओझे घेऊन हिमनदीवरून चालत. त्यांच्याशिवाय एकही मोहीम पुढे सरकली नसती. तरी मोहिमांच्या पुस्तकांत त्यांची नावे क्वचितच येतात. ही उणीव या दोघांच्या पुस्तकांतही आहे.

काही महिन्यांत या लहानशा तुकडीने सुमारे १,८०० चौरस मैल प्रदेशाची मोजणी केली. के-टू पर्वताच्या उत्तर बाजूच्या हिमनद्या नकाशावर आल्या. शेवटी परतण्यासाठी तुकडीचे भाग पडले. टिल्मन दोन शेर्पांना घेऊन मोठ्या हिमनद्यांच्या दिशेने एका बाजूला गेला, शिप्टन शिमशालमार्गे दुसऱ्या बाजूने निघाला. निरोप पाठवायला वायरलेस नव्हता. समोरचा माणूस ठरल्याप्रमाणे वागेल, एवढ्या भरवशावर ते वेगळे झाले.

आम्हाला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्याच्यावर भरवसा असतो त्याला सतत नजरेसमोर ठेवावे लागत नाही. चांगल्या दोस्तीत दूर जाण्याचीही मुभा असते.

परत फिरण्याचे धैर्य

दुसऱ्या महायुद्धाने दोघांना पुन्हा लांब नेले. चाळिशी ओलांडलेला टिल्मन स्वतःहून पुन्हा सैन्यात गेला आणि आल्बेनिया व इटलीत शत्रूच्या प्रदेशात पॅराशूटने उतरून स्थानिक लढवय्यांबरोबर राहिला. शिप्टनला मध्य आशियातल्या काशगर येथे ब्रिटिश वकिलातीचा प्रमुख म्हणून नेमणूक मिळाली. मशिदी, बाजार आणि खरबुजांचे हे उइगुर मुसलमानांचे जुने शहर. युद्धानंतर तो तिथे पुन्हा गेला, या वेळी पत्नीसह.

१९४७ च्या उन्हाळ्यात टिल्मन पर्वत ओलांडून त्याला भेटायला गेला. दोघांनी एका शेर्पाला बरोबर घेऊन मुझताघ अता हा ७,५४६ मीटरचा पर्वत चढायला घेतला. या नावाचा अर्थ हिमपर्वतांचा पिता. माथा जवळ आला होता. पण खोल बर्फ, वारा आणि थंडीने त्यांना पुढे जाऊ दिले नाही. शिप्टनच्या पायाच्या बोटांना हिमदंश झाला. ते परत फिरले.

पुढच्या वर्षी टिल्मन पुन्हा आला. उरुमचीजवळच्या बोगदा पर्वतावर दोघे गेले, माथा मिळाला नाही. काशगरजवळच्या चाकरागिलवर गेले, तिथेही नाही. एकत्र केलेल्या शेवटच्या तीनही चढाया अपुऱ्या राहिल्या. पण अपयशाचे खापर एकाने दुसऱ्याच्या डोक्यावर फोडले नाही. परत फिरताना "तुझ्यामुळे" हा शब्द न उच्चारणे, हीदेखील दोस्तीतली मोठी कमाई आहे.

घरची बाजू

या मासिकाचे वाचक कुटुंबवत्सल आहेत. त्यांच्या मनात एव्हाना एक प्रश्न आला असेल. ही माणसे वर्षानुवर्षे डोंगरांत, मग घरचे काय?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर फारसे सुखाचे नाही. टिल्मनने लग्नच केले नाही. शिप्टनने १९४२ मध्ये लग्न केले, त्याला दोन मुलगे झाले, पण तो संसार मोडला. त्यात सततच्या भटकंतीचा वाटा नसेल असे म्हणवत नाही. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेतृत्वही त्याच्याकडून काढून दुसऱ्याला देण्यात आले. ज्या पर्वतासाठी त्याने वीस वर्षे दिली, तो इतरांनी सर केला. १९५० च्या दशकाचा मध्य त्याने घर आणि काम दोन्ही हरवलेल्या माणसासारखा काढला. पोट भरण्यासाठी मजुरीही केली.

तेव्हा आम्ही ही जोडी आदर्श म्हणून पुढे ठेवत नाही. दोस्तीचा हक्क असतो, तसा पत्नीचा आणि मुलांचाही असतो. एकाचा हक्क मारून दुसऱ्याचा देता येत नाही. वर्षातून चार दिवस दोस्तांबरोबर बाहेर पडणारा माणूस घरी ताजातवाना परततो. सात महिने बाहेर राहणाऱ्याचे घर त्याच्याशिवाय राहायला शिकते. आणि पतीला दोस्त असावेत असे ज्या पत्नीला वाटते, तिलाही मैत्रिणींकडे जायला सवड मिळाली पाहिजे. एवढे समान माप ठेवले तर घरातून परवानगीही आनंदाने मिळते.

शेवटचे वर्ष

पन्नाशीनंतर टिल्मनने उंच पर्वत सोडले आणि समुद्राकडे मोर्चा वळवला. १९५४ मध्ये त्याने 'मिसचीफ' नावाचे जुने शिडाचे जहाज घेतले. त्यातून तो थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, पॅटागोनियाला गेला आणि तिथले हिममैदान पायी ओलांडले. काही वर्षांनी शिप्टननेही सावरून त्याच पॅटागोनियाची वाट धरली आणि १९६०-६१ मध्ये तेच हिममैदान त्याच्या लांबीने पार केले. आता दोघे एका दोरावर नव्हते. तरी एकाचा पाय जिथे पडला, तिथे दुसऱ्याचाही पडलाच.

२८ मार्च १९७७ रोजी शिप्टनचे कर्करोगाने निधन झाले. वय एकोणसत्तर. टिल्मन तेव्हा एकोणऐंशी वर्षांचा होता. त्याच वर्षी तो एका तरुणाच्या जहाजावर खलाशी म्हणून दक्षिण महासागराकडे निघाला. १ नोव्हेंबरला जहाजाने रिओ दि जानेरो सोडले आणि फॉकलंड बेटांकडे तोंड केले. ते तिथे पोहोचले नाही. जहाज सापडले नाही आणि माणसेही नाहीत. बर्फात सुरू झालेली दोन आयुष्ये एकाच वर्षात संपली.

आपल्यासाठी

आमच्या वाचकांनी नंदादेवीला जावे, असे आम्ही सुचवत नाही. सह्याद्रीतला एखादा गड, कोकणातली एखादी खाडी, दोन दिवसांची पायपीट पुरेशी आहे. पण या जोडीकडून तीन गोष्टी घेता येतील.

पहिली, खर्च कमी ठेवा आणि सारखा वाटून घ्या. दोस्तांपैकी एकाची कमाई जास्त असते, एकाची कमी. बेत महागडा झाला की कमी कमावणारा काही तरी सबब सांगून गळतो. त्याच्या खिशाला झेपेल असा बेत करा, म्हणजे तो मान वर करून येईल.

दुसरी, नुसते बसायला जाऊ नका, काही तरी करायला जा. चाला, चढा, चूल पेटवा. ओझे सगळ्यांच्या पाठीवर सारखे असू द्या. काम हातात असले की न सुचणारे बोलणेही आपोआप सुचते. मुलाची काळजी, कर्ज, आजारपण अशा घरात न बोललेल्या गोष्टी पुरुष चढावर चालताना, एकमेकांकडे न पाहता सांगून टाकतात.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि तरीही सर्वांत कठीण. कोणीतरी आधी विचारावे लागते. बहुतेक दोस्त्या यासाठीच अडून राहतात की, दोघेही दुसऱ्याच्या निरोपाची वाट पाहतात. त्याला वेळ नसेल, तो मोठा माणूस झाला आहे, तो काय म्हणेल. इथे पुन्हा टिल्मन आठवतो. दोस्ताला पहिल्या नावाने हाक मारायलाही जो लाजला, भावनेचा एक शब्द ज्याच्या तोंडून निघत नसे, तोच अबोल माणूस. १९३० मध्ये पत्र त्याने लिहिले होते. १९३४ मध्ये पंधरा दिवसांच्या भटकंतीसाठी विचारणारे पत्रही त्याचेच होते. त्यात मैत्रीविषयी काही नव्हते. येतोस का, एवढेच होते.